वस्तरा, आलवण आणि वाढणारे केस

आमच्या कोकणातल्या घराच्या माजघरात एक ग्रूप फोटो पुष्कळ वर्षं टांगलेला होता. मागच्या रांगेत पगड्या आणि काळ्या टोप्या घातलेले पुरुष, पुढे नऊवारीत, नथा घालून, अंबाड्यांवर फुलं माळून बसलेल्या बायका. मुलं पायांशी. आणि अगदी डाव्या कडेला, चौकटीतून जवळजवळ बाहेर पडेल अशी, जमिनीवर बसलेली एक बाई. तिच्या अंगावर काळं लुगडं होतं आणि पदर थेट भुवयांपर्यंत ओढलेला होता. लहानपणी मी आजीला विचारलं, हिनेच तेवढं काळं का नेसलंय? आजी म्हणाली, ‘‘काळं नव्हे रे ते, तांबडं. आलवण.’’ पुढे कळलं, की त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचांना लाल रंग दिसतच नसे. लाल ते सारं काळं उमटे. तिचं नाव विचारलं, तर आजीला ते आठवेना. सगळे तिला सोवळ्या काकू म्हणत, एवढंच आजीला ठाऊक होतं.

‘सोवळी’ हा शब्द त्यातल्या त्यात सभ्य. तिच्या पाठीमागे वापरायचा शब्द ‘बोडकी’, आणि तो शिवी म्हणूनही चाले. सकाळी कामाला निघताना समोर आली तर पाऊल मागे घ्यायचं, पाणी पिऊन पुन्हा निघायचं. जिचं वपन झालेलं नाही अशा विधवेला ‘सकेशा’ म्हणत. या शब्दाकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. डोक्यावर केस असणं ही माणसाची नैसर्गिक स्थिती. पण तिला वेगळं नाव द्यावं लागलं, कारण विधवेच्या बाबतीत तोच अपवाद ठरला होता.

केशवपनावर आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं आहे. बहुतेक ते समाजसुधारणेच्या इतिहासातलं एक प्रकरण म्हणून. सतीबंदी, पुनर्विवाह, संमतिवय आणि मग ओघात केशवपन. मला मात्र या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या बाजूने जायचं आहे. हा रूपाचा प्रश्न होता. बाईने कसं दिसावं, कोणासाठी दिसावं आणि कधीपासून दिसू नये, हे ठरवणाऱ्या एका समाजाने त्यासाठी वस्तऱ्यासारखं साधं हत्यार वापरलं. दुसरं असं, की सती बंद झाली ती १८२९ च्या कायद्याने, पुनर्विवाह मोकळा झाला तो १८५६ च्या कायद्याने, संमतिवय वाढलं १८९१ च्या कायद्याने. केशवपन बंद करणारा असा कायदा आला नाही. तरीही ते बंद पडलं. ते कसं, हे पाहणं मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

*

आधी शास्त्राचं पाहू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा असल्याचं सांगितलं जाई. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाची तपासणी केली आहे. गृह्यसूत्रांत विधवेच्या मुंडणाची आज्ञा नाही. मनूने विधवेवर कडक व्रतं लादली, पण डोकं भादरायला सांगितलं नाही. याज्ञवल्क्यही सांगत नाही. आधार म्हणून जो पुढे केला जाई तो मुख्यतः स्कंदपुराणाच्या काशीखंडातला. विधवेने वेणी घातली, की त्या वेणीचा पाश परलोकी पतीला पडतो, असा त्याचा आशय. म्हणजे मेलेल्या नवऱ्याची सुटका बायकोच्या केसांत अडकली होती! काणे स्वतः सनातनी वळणाच्या घरातले, कोकणातले, आणि ग्रंथांबाबत अतिशय सावध. त्यांनी शांतपणे पुरावे मांडून ही चाल उत्तरकालीन आहे, हे दाखवलं. मात्र तो खंड १९४१ चा. तोवर कित्येक पिढ्यांच्या डोक्यांवरून वस्तरा फिरून गेला होता.

आणि हे सर्व महाराष्ट्रातल्या सगळ्या बायकांचं नव्हतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. बहुसंख्य जातींमध्ये पाट किंवा मोहतूर लागत असे. विधवा दुसरं घर करी. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मणांतली, आणि ब्राह्मणांचं पाहून वरचं स्थान मिळवू पाहणाऱ्या काही जातींतली चाल. ज्या घराला समाजात वर जायचं असे ते आधी आपल्या विधवांवर बंधनं घाली. प्रतिष्ठेचा खर्च असा घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या खाती पडे.

केसच का? उत्तर अवघड नाही. दागिने काढून घेतले तरी बाई देखणी राहू शकते. लुगडं जाडंभरडं दिलं तरी राहू शकते. केस गेले, की आपल्याकडच्या सौंदर्याच्या कल्पनेत तिच्यापाशी काही उरत नाही. अंबाडा, खोपा, वेणी, बुचडा; शिकेकाईने न्हाणं, धूप देणं, तेल-फणी, गजरा; बाईच्या दिवसातला स्वतःसाठी म्हणता येईल असा वेळ याच भोवती असे, आणि दुसऱ्या बाईचा मायेचा हात डोक्यावरून फिरे तोही वेणी घालतानाच. वस्तऱ्याने रूप जाई, त्याबरोबर हा स्पर्शही जाई. न्हाऊन केस सोडून दुपारच्या उन्हात बसलेल्या बायकांच्या घोळक्यात सोवळ्या बाईला जागा नसे.

विसंगती पाहा. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोहोचल्या. या देवींना माणसासारखं, बरंचसं मराठी बाईसारखं रूप होतं. गोरा वर्ण, नऊवारीशी नातं सांगणारं लुगडं आणि पाठीवर, खांद्यांवर उतरलेले दाट काळे केस. बाईचं रूप कसं असावं याचा एक छापील नमुनाच आता माजघरात, देवघरात लागला. त्याच तसबिरीखाली, चुलीपुढे बसून, आलवण नेसलेली बाई सोवळ्याचा स्वयंपाक करत असे. दोन्ही रूपं एकाच घराने मान्य केलेली. किंबहुना एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता: केस सौभाग्याचे ठरले म्हणून ते विधवेचे काढायचे, आणि विधवेचे काढले जातात म्हणून सवाष्णीने ते मिरवायचे.

चुलीचा उल्लेख मी मुद्दाम केला. सकेशा विधवेच्या हातचं पाणी कर्मठ घरांत चालत नसे. वपन झालं, की तिचं सोवळं लागे आणि श्राद्धपक्षापासून रोजच्या नैवेद्यापर्यंतचा स्वयंपाक तिच्याकडे जाई. एका वेळचं जेवण, दोन आलवणं आणि बिनपगारी आयुष्यभराची स्वयंपाकीण. धर्माची भाषा बाजूला ठेवून पाहिलं, तर घराला वस्तऱ्याचा हा रोखठोक फायदा होता. १८५६ च्या कायद्यातही मेख अशी, की पुनर्विवाह केला तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपे. ती घरात राहिली तर काम करणार आणि गेली तर रिकाम्या हातांनी जाणार, अशी सगळी व्यवस्था चोख.

*

तरीही नियम सर्वांना सारखा नव्हता. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेवर बरोबर होत्या. त्या परत आल्या आणि आपला नवरा मेला हे त्यांनी मानलंच नाही. पुढे १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, त्या कुंकू लावून सवाष्ण म्हणून शनिवारवाड्यात वावरल्या. पेशव्यांच्या घरात, ज्या पुण्यात धर्मनिर्णय होत त्याच पुण्यात. मधल्या काळात भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याला १७७६ मध्ये देहदंड झाला, तरी बाईंनी कुंकू पुसलं नाही. पार्वतीबाईंचं वर्तन बहुतेक इतिहासकार करुण म्हणून सांगतात, वेडी आशा म्हणून. मला त्यात थोडा हट्टही दिसतो. ती आशा सोडणं म्हणजे काय, आणि सोडल्यावर दाराशी कोण येऊन बसेल, हे त्या घरातल्या बाईला पुरेपूर माहीत होतं.

दुसरं उदाहरण झाशीचं. गंगाधरराव १८५३ मध्ये वारले. राणी लक्ष्मीबाईंनी वपन केलं नव्हतं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत झाशीत अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणीच्या दिनक्रमाचं वर्णन आहे आणि त्यात वपन न केल्याबद्दल प्रायश्चित्त म्हणून ती रोज ब्राह्मणांना दक्षिणा देत असे, असं येतं. गोडसे हे भिक्षुक माणूस. त्यांच्या डोळ्याला ही गोष्ट बरोबर टिपता आली. राज्य चालवणारी, घोड्यावर बसणारी, पुढे इंग्रजांशी लढून मरणारी बाई. तिलाही आपल्या केसांचं भाडं रोज चुकतं करावं लागत होतं. तिच्याकडे द्यायला पैसे होते, इतकंच. कोकणातल्या एखाद्या खोताच्या बालविधवा सुनेकडे ते कुठून असणार?

*

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयावर लिहिलं जाऊ लागलं. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिलं ते विधवांच्या स्थितीवरच. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पण पुरुषांच्या या करुणेत एक अडचण होती: विधवा त्यात नेहमी रडत असे. रडत नसलेला, चिडलेला आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलने’तून. ताराबाई स्वतः मराठा जातीच्या, पण त्यांचा प्रश्न सगळ्यांना होता. नवरा मेला म्हणून बाईने रूप टाकायचं, तर मग बायको मेल्यावर तुम्ही दाढीमिशा भादरून रानात का जात नाही, अशा अर्थाचं त्यांनी विचारलं. या प्रश्नाला त्या वेळी कोणी सरळ उत्तर दिलं नाही. उलट पुस्तकावर इतकी टीका झाली, की १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घ्यावी लागली.

फुल्यांचा हात या प्रकरणात आणखी एका ठिकाणी दिसतो. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर दोन टिपणं काढून देशभरातून मतं मागवली. न्यायाधीश, दिवाण, शास्त्री अशा मोठमोठ्या लोकांनी लांबलचक उत्तरं दिली. फुल्यांनीही मत कळवलं. पुण्यात त्यांनी १८६३ पासून बालहत्या प्रतिबंधक गृह चालवलं होतं. फसवलेल्या ब्राह्मण विधवा तिथे येऊन बाळंत होत. म्हणजे त्यांनी हे दुःख ग्रंथांत वाचलं नव्हतं, दारात पाहिलं होतं. त्यांची सूचना कमालीची साधी होती: ब्राह्मण विधवांची डोकी करायला न्हाव्यांना मनाई असावी. शास्त्रार्थ नको, मनपरिवर्तनाची वाट पाहणं नको. वस्तरा ज्याच्या हातात आहे त्याचा हात थांबवा.

सरकारने ते काही केलं नाही. पण सहा वर्षांनी ते वेगळ्याच मार्गाने घडलं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली. लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक, गिरणी कामगारांची संघटना बांधणारे; त्याच वर्षी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीनेच. शेकडो नाभिक जमले आणि विधवांचं वपन करायचं नाही, असं ठरलं. बातमी इतकी नवलाची होती, की लंडनच्या ‘टाइम्स’पर्यंत गेली.

या सभेचा उल्लेख आपण अभिमानाने करतो, करायलाच हवा. पण ती मुंबईत का भरली, याचाही विचार करावा. गावात न्हावी बलुतेदार. खळ्यावर वाटा मिळायचा तर वतनदाराचा शब्द मोडता येत नसे. खोताच्या घरून निरोप आला, की मागच्या दाराने जाऊन जे सांगतील ते करायचं. मुंबईत बलुतं नव्हतं, रोख पैसा होता, आणि एका गिऱ्हाइकाने तोडलं तर दुसरं होतं. नाही म्हणायला जी थोडी मोकळी जमीन पायाखाली लागते ती शहराने दिली. आणखी एक गोष्ट मला हलवून जाते. ज्या हातांना उच्चवर्णीय घर एरवी विटाळ मानी त्याच हातांनी त्या घराची लेक विद्रूप करून घेतली जाई, आणि रडणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या पोरीचं डोकं धरून बसण्याचं काम त्याच्या वाट्याला येई. नाभिकांनी संप केला तो पैशासाठी नव्हता. त्या कामाचे उलट जास्तच मिळत असावेत. ते पाप आपल्याकडून करवून घेतलं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांचं ‘करमणूक’ सुरू झालं आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली. तिच्यातली यमू विधवा होते आणि घरातली माणसं कट करून तिचं वपन करवतात. ती गोष्ट यमू स्वतः सांगते, हे हरिभाऊंचं मोठं सामर्थ्य. वाचकाने कित्येक आठवडे जिच्या मनात राहून पाहिलं, तिच्या डोक्यावर तो वस्तरा येतो. सुधारक वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांनी जे झालं नाही ते घराघरांत या कादंबरीने केलं असं म्हणतात, आणि मला ते खोटं वाटत नाही. आगरकर ‘सुधारका’तून युक्तिवाद करत होते, बायकांनी जाकिटं घातली पाहिजेत इथपर्यंत पोशाखाचाही विचार करत होते, पण युक्तिवादाला प्रतिवाद असतो. यमूला प्रतिवाद नव्हता.

*

आता ज्यांनी स्वतः ठरवलं त्यांच्याकडे वळतो.

पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या, मग अमेरिकेत गेल्या, आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून विधवांच्या मुंडणाबद्दल जगाला सांगितलं. त्यांची छायाचित्रं पाहा: पांढरी साडी आणि आखूड कापलेले केस. ना सवाष्णीचा अंबाडा, ना विधवेचं भादरलेलं डोकं, ना मडमेची केशरचना. इंग्लंडमध्ये मठातल्या भगिनींशीही त्यांचे खटके उडाले. शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद घातला. आपल्या लोकांना त्या बाटलेल्या वाटल्या, मठातल्यांना हट्टी वाटल्या. दोन्ही बाजूंना नको असलेलं असं रूप घेऊन ही बाई चाळीस वर्षं काम करत राहिली. शारदा सदन त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत काढलं. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी देवरुखच्या जोशांची गोदूबाई.

गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरूडच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला, हे सर्वांना माहीत आहे. पण मला सांगायचं आहे ते आनंदीबाईंच्या धाकट्या बहिणीविषयी, पार्वतीबाई आठवल्यांविषयी.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. पुढे त्या पुण्याला आल्या, शिकल्या आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या विधवांच्या आश्रमाच्या कामाला लागल्या. हिंगण्याच्या या आश्रमासाठी गावोगाव हिंडून त्यांनी वर्गणी जमवली. त्या वेळी त्या वपन केलेल्या, सोवळ्या विधवेच्या वेषात होत्या.

इथे कर्व्यांच्या धोरणाबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. पुनर्विवाहाचं काम आणि आश्रमाचं काम त्यांनी जाणूनबुजून वेगळं ठेवलं. आश्रम विधवांना शिकवणार, लग्नं लावणार नाही, असं ते देणगीदारांना सांगत. पुनर्विवाहित आनंदीबाईंना आश्रमापासून दूर राहावं लागलं ते त्यामुळेच. स्वतःच्या नवऱ्याने उभ्या केलेल्या संस्थेत त्यांना जागा नव्हती. आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ लिहिलं आहे, ते जरूर वाचावं. कर्व्यांना दोष द्यायला मी धजावत नाही. कर्मठ बापाने आपली विधवा मुलगी हिंगण्याला पाठवावी असं वाटत असेल, तर दारात पुनर्विवाहित बाई उभी करून चाललं नसतं, हा त्यांचा हिशेब व्यवहाराला धरूनच होता. पण त्या हिशेबाची किंमत कोणी दिली, तेही नोंदवायला हवं.

अशा वेळी पार्वतीबाईंचं भादरलेलं डोकं आश्रमाच्या उपयोगाचं होतं, असा माझा तर्क आहे. अमरावतीच्या वा सोलापूरच्या एखाद्या वकिलाच्या घरी त्या वर्गणी मागायला जात तेव्हा ओसरीवर नव्हे, थेट माजघरात घेतल्या जात असतील. बायका पाया पडत असतील. घरातली म्हातारी विश्वासाने ऐकत असेल, कारण समोरची बाई आपल्यातली दिसते. जी रूढी मोडण्यासाठी पैसे मागायचे, तिचीच खूण अंगावर बाळगून ते मागायचे. हा दुटप्पीपणा म्हणता येईल, डावपेचही म्हणता येईल. रोज पहाटे उठून त्यात वावरणाऱ्या माणसाला तो कसा वाटत असेल, हे बाहेरून सांगणं कठीण.

१९१२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पार्वतीबाईंनी वपन सोडलं आणि केस वाढू दिले.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते डोळ्यांपुढे आणलं पाहिजे. केस महिन्याला फार तर अर्धा इंच वाढतात. कुंकू लावायचं ठरवलं तर ते एका क्षणात लावता येतं, पुनर्विवाह एका दिवसात होतो, धर्मांतरही एका दिवसात होतं. केस वाढवायला वर्ष लागतं, आणि त्यातल्या प्रत्येक दिवशी ते दिसतात. पहिल्या महिन्यात लोकांना वाटणार, न्हावी आला नसेल. दुसऱ्या महिन्यात कुजबुज. चौथ्या महिन्यात डोक्यावर उभे राहिलेले, न बसणारे केस. त्यांचा अंबाडा होत नाही, वेणी होत नाही, पदर सरकला की सगळ्यांच्या नजरा तिथेच. या सगळ्या काळात बाई कुठल्याच रूपात बसत नाही. आणि रोज पुन्हा ठरवावं लागतं. कारण वस्तरा कोणत्याही दिवशी परत बोलावता येतो, आणि बोलावला तर सगळे सुटकेचा श्वास टाकणार असतात. शिवाय बेचाळिसाव्या वर्षी वाढवलेले केस देखणं दिसण्यासाठी वाढवले, असं म्हणणारे असणारच. विधवेने काहीही केलं तरी त्याचा अर्थ पुरुषाशी जोडून लावायची सवय समाजाला होती. अजून आहे.

पार्वतीबाई पुढे १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या, इंग्रजी धड येत नसताना. तिथे घरकाम करून पोट भरलं, इंग्रजी शिकल्या, आश्रमासाठी पैसे जमवले आणि १९२० मध्ये परतल्या. हे सर्व त्यांनी ‘माझी कहाणी’मध्ये लिहिलं आहे, बिलकूल आव न आणता. अमेरिकन घरात भांडी घासण्याचा प्रसंग आणि केस वाढवण्याचा निर्णय त्या एकाच सुरात सांगतात. आपल्या आत्मचरित्रांत असा सूर दुर्मीळ आहे.

*

यानंतर केशवपन ओसरत गेलं. एका वर्षी थांबलं असं दाखवता येत नाही. मुलींचं लग्नाचं वय वाढलं तशी बालविधवांची संख्या घटली. विधवा शिक्षिका झाली, नर्स झाली. पगार आणणाऱ्या बाईचं डोकं भादरा म्हणायची सासऱ्याची हिंमत होईना. एकत्र कुटुंबं मोडली, सोवळ्याचा स्वयंपाक करवून घेणारी चूलच विझली. शहरांतल्या भाड्याच्या खोल्यांत मागचं दारच नव्हतं. १९३०–४० च्या दशकांत नव्याने वपन झालेली तरुण विधवा शहरात विरळा दिसू लागली. आलवणातल्या म्हाताऱ्या मात्र पुढे कित्येक वर्षं दिसत राहिल्या. माझ्या पिढीने अशा एक-दोघी पाहिल्या आहेत. त्यांतल्या काहींना आपलं सोवळं हा अभिमानाचा विषय होता, हे सांगितलं नाही तर चित्र अर्धवट राहील. आयुष्यभर ज्याची किंमत मोजली ते निरर्थक होतं, असं म्हातारपणी त्यांना कोणी आणि कशासाठी पटवून द्यायचं?

एकदा अशाच एका आजींना मी, तरुणपणीच्या उद्धटपणाने, विचारलं होतं, ‘‘तुम्हाला वाईट नाही वाटलं?’’ त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, ‘‘वाटलं असेल. तेव्हा न्हावी आला त्या दिवशी मी माळ्यावर लपले होते, एवढं आठवतं. सासूबाईंनीच हाक मारली. त्या स्वतः रडत होत्या.’’ मग म्हणाल्या, ‘‘उन्हाळ्यात बरं वाटायचं हो डोक्याला.’’ आणि हसल्या. या हसण्याचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. सासू रडत होती आणि तरी तिनेच हाक मारली, हे मात्र विसरता येत नाही. रूढी चालवायला दुष्ट माणसं लागत नाहीत. चारचौघांत नाव जाईल या धास्तीने रडत रडत हाक मारणारी चांगली माणसं पुरतात.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसं करावं, असं सुचवलं. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या वेळी बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, अशा गोष्टींची त्यात नोंद होती. केसांचा विषय त्यात नाही; काढण्याची गरजच उरलेली नव्हती.

तो ग्रूप फोटो आता माझ्याकडे आहे. काच काढून साफ करताना मागच्या पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेली नावं सापडली. पुरुषांची सगळी आहेत, पदव्यांसकट. बायकांच्या नावांऐवजी ‘सौ.’ आणि नवऱ्याचं आडनाव. डाव्या कडेच्या जागेसमोर काहीच लिहिलेलं नाही. चुलतभावाने पेणच्या उपाध्यांच्या वहीत शोधून पाहतो म्हटलं आहे. तिथे निदान श्राद्धासाठी तरी तिचं नाव घातलेलं असेल.